दुसऱ्या निरीक्षकाची सही

सुहास ओव्हाळांना एक माणूस हवा होता. एकच. दोन्ही डोळे धड असलेला, पहाटे उठू शकणारा आणि स्वतःची सही स्वतः करणारा. बेगडेवाडी स्टेशनच्या मागे बहात्तर बिऱ्हाडांची सोसायटी आहे. तिथे असा एक माणूस सापडायला काय हरकत होती? पण झालं असं, की एक माणूस मिळायच्या आत सत्तावीस माणसं झाली, मग बस झाली, मग परवानगी लागली, आणि शेवटी अख्खं गाव इस्त्रीचे कपडे घालून धरणाच्या काठावर हिरोइनची वाट बघत उभं राहिलं. यात ओव्हाळांची चूक एवढीच, की त्यांनी बदकं मोजली होती.

ऑक्टोबरात ते रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले. निरोपाला शाल-श्रीफळाबरोबर खात्यातल्या लोकांनी त्यांना एक दुर्बीण दिली. दुर्बीणच का, हे कोणालाच सांगता आलं नाही. बहुधा घड्याळ आधीच्या माणसाला देऊन झालं होतं. ओव्हाळांनी पंधरा दिवस गॅलरीत उभं राहून समोरच्या बिल्डिंगवरची कबुतरं पाहिली. पण समोरच्या बिल्डिंगमध्ये कबुतरांखेरीज माणसंही राहत होती. त्यांतल्या एका बाईंनी ओव्हाळांच्या पत्नीला, राजेश्वरीताईंना, भाजीवाल्यापाशी गाठून "साहेबांची तब्येत बरी आहे ना?" असं फार मायेनं विचारलं, आणि त्याच दिवशी दुर्बीण घराबाहेर न्यायची असं ठरलं. म्हणजे राजेश्वरीताईंनी ठरवलं.

डिसेंबरात एका सकाळी ते स्कूटरवरून कामशेतमार्गे वडिवळ्याच्या धरणावर गेले. भाताची खाचरं कापून मोकळी पडलेली, गवतावर दव, आणि धरणाचं पाणी मागे सरकून उत्तरेच्या काठाला गाळाचा रुंद पट्टा उघडा पडलेला. त्या पट्ट्यावर ऊन आलं तेव्हा ओव्हाळांना वाटलं, कुणीतरी विटा रचून ठेवल्यात. दुर्बीण लावली तर त्या विटांना माना होत्या. तांबूस-नारिंगी अंग, फिकट पिठूर डोकं, काळी शेपटी. चक्रवाक! लडाख-तिबेटातून हिमालय ओलांडून मावळात हिवाळा घालवायला आलेली पाहुणी मंडळी. एकानं आवाज काढला, दुसऱ्यानं ओ दिली. ओव्हाळ तिथेच दगडावर बसले. आयुष्यभर ते तांबडा, पिवळा आणि हिरवा दिवा बघत आले होते. तांबड्या-पिवळ्याच्या मधला इतका सुंदर रंग जगात आहे, याची त्यांना खात्यानं कल्पना दिली नव्हती.

पुण्यातल्या पक्षिमित्रांचा एक गट दर जानेवारीत पाणपक्ष्यांची मोजणी करतो. मावळचं काम अनघा नावाच्या प्राध्यापक मुलीकडे होतं. ओव्हाळांनी तिला फोन लावून आपला आकडा सांगितला. चाळीसच्या आसपास. ती खूश झाली. उत्तर काठ तिनं त्यांनाच देऊन टाकला.

"फक्त एक आहे काका," ती म्हणाली. "जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी अधिकृत मोजणी. आणि एका जातीचा आकडा तीसच्या वर गेला, तर फॉर्मवर दुसऱ्या निरीक्षकाची सही लागते."

"म्हणजे माझ्या एकट्याच्या सांगण्यावर..."

"तसं नाही हो काका. नियमच आहे."

ओव्हाळांनी फोन ठेवला. चौतीस वर्षं त्यांनी सही केल्याशिवाय घाटातला सिग्नल चालू झाला नव्हता. त्या सहीच्या भरवशावर लोक गाडीत निवांत झोपून खंडाळा उतरून गेले. आणि आता चाळीस बदकांसाठी ती सही पुरेना!

दुसरा निरीक्षक घरातच होता, पण त्यानं, म्हणजे तिनं, साफ नकार दिला. राजेश्वरीताई तीस वर्षं शाळेत शिकवून मागच्या वर्षी निवृत्त झाल्या होत्या. "तीस वर्षं सकाळच्या शाळेला गेले," त्या म्हणाल्या. "आता सूर्य उगवताना मी बघणार नाही. तो उगवला की मला नंतर सांगा."

तेव्हा ओव्हाळ जिना उतरून बाजीराव तुप्यांकडे गेले.

बाजीराव म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. कारखान्यात क्वालिटी विभागात होते. नोकरी संपली तरी जगातला माल तपासून नापास करायची सवय गेली नव्हती.

"चक्रवाक? आपल्याकडे?" बाजीराव म्हणाले. "अहो, कुठल्या तरी रिसॉर्टवाल्यानं सोडलेली बदकं असतील. लोणावळ्याला एका हॉटेलात मी स्वतः पाहिलीत. माझ्या हातातून ब्रेड खाल्ला त्यांनी."

"ही हिमालय ओलांडून येतात, बाजीराव."

"तुम्ही पाहिलंत ओलांडताना?"

ओव्हाळांनी पाहिलं नव्हतं. पण बाजीरावांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते ओव्हाळांना सहन होईना. ते म्हणाले, "मग चला रविवारी. डोळ्यांनी बघा आणि सही करा."

"येतो की! पण मी एकटा सही करणार नाही. सेक्रेटरी आहे मी. उद्या कोणी विचारलं तर? दोनचार माणसं बरोबर असावीत."

रात्रीच्या जेवणाआधी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली. 'रविवारी सकाळी पक्षिनिरीक्षण सहल. नाश्ता मिळेल. संपर्क: ओव्हाळ.' यातले 'नाश्ता मिळेल' हे दोन शब्द बाजीरावांनी स्वतःच्या अखत्यारीत घातले होते, आणि पुढे जे काही घडलं ते पक्ष्यांमुळे नव्हे, या दोन शब्दांमुळे घडलं, हे इतिहासाला धरून सांगायला हवं. सकाळपर्यंत सत्तावीस नावं आली.

नावांबरोबर सल्लेही आले. कोणी म्हणालं, पक्ष्यांना हिरवा रंग दिसत नाही, सगळ्यांनी हिरवं घाला. दुसऱ्यानं सांगितलं, अंघोळ करू नका, साबणाचा वास त्यांना दोन मैलांवरून येतो; या सल्ल्याला तरुण मंडळींचा मोठा पाठिंबा मिळाला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, पक्षी दहानंतर बघता येणार नाहीत का? आणि बाजीरावांच्या पत्नी शालनताई हास्यक्लब चालवायच्या. त्यांनी जाहीर केलं, की रविवारचा वर्ग बुडवता येत नाही, तेव्हा तो धरणाच्या काठावर, मोकळ्या हवेत होईल.

"वहिनी, तिथे आवाज चालत नाही," ओव्हाळ कळवळून म्हणाले.

"हसण्याला कोण घाबरतं हो?" शालनताई म्हणाल्या, आणि नमुना म्हणून हसून दाखवलं. जिन्यातली कबुतरं उडाली.

सत्तावीस म्हणजे बस आली. बस आली म्हणजे सोसायटीचं लेटरहेड आलं. आणि लेटरहेड आलं म्हटल्यावर बाजीरावांना लेखी परवानगी हवी झाली. ती आणायची ओव्हाळांनी, कारण 'संपर्क: ओव्हाळ'.

ओव्हाळ लोणावळ्याच्या बाजूला पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात गेले. खिडकीतला कारकून चहात बिस्कीट बुडवत होता. बिस्कीट तुटून पडेल या काळजीत त्यानं मान वर केली नाही.

"पक्षी बघायचेत? मग इथे कशाला आलात? पाणी आमचं. पक्षी आमचे नाहीत."

"पण पक्षी पाण्यावर बसलेत."

"तो त्यांचा प्रश्न आहे."

मग दुसऱ्या ऑफिसात, वनखात्याच्या. तिथल्या साहेबांनी आपुलकीनं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि समजावलं की पक्षी आमचेच, पण ते पाण्यावर बसले की आमच्या हद्दीत राहत नाहीत. "उडाले की या," ते म्हणाले. ओव्हाळ पुन्हा पहिल्या ऑफिसात आले. आता कारकुनाचं बिस्कीट बुडालेलं होतं आणि तो जरा मऊ झाला होता. त्यानं एक छापील अर्ज काढला. कार्यक्रमाचा प्रकार: मासेमारी, मूर्तिविसर्जन, चित्रीकरण, इतर. त्यातलं 'इतर' पेनानं खोडलेलं.

"हे इतर का खोडलंय?"

"लोक काहीही लिहायचे."

"मग मी काय लिहू?"

कारकुनानं ओव्हाळांच्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे पाहिलं. "काच आहे ना त्याला? मग चित्रीकरण लिहा. ध्वनिक्षेपक?"

"नाही."

"ध्वनिक्षेपक नाही? कसला कार्यक्रम म्हणायचा हा! बरं. मुख्य कलाकार?"

ओव्हाळ थकले होते. दोन ऑफिसांत मिळून त्यांचे पाच तास गेले होते. त्यांनी लिहिलं: चक्रवाक.

कारकुनानं नाव दोनदा वाचलं. "साउथचे का?"

"नाही," ओव्हाळ म्हणाले. "नॉर्थचे."

ठप्पा बसला. खाली बारीक अक्षरात 'प्रत माहितीसाठी: ग्रामपंचायत' असं होतं. ओव्हाळांनी ते वाचलं नाही. घरी जाताना त्यांनी चिक्की घेतली, कारण लोणावळ्याहून रिकाम्या हातानं आलेला माणूस त्यांच्या घरात विश्वासास पात्र ठरत नसे.

रविवार उजाडला. राजेश्वरीताईंना सूर्य उगवताना बघावा लागला, कारण एकोणतीस माणसांचा उपमा दुसरं कोण करणार? बस साडेपाचला निघायची ती सव्वासातला निघाली. हिरव्या रंगाचा सल्ला सगळ्यांनी मनावर घेतला होता. बाजीराव तर मुलाच्या मेंदीच्या दिवशीचा, छातीवर जर असलेला पोपटी कुर्ता घालून आले होते. त्या कुर्त्यात ते आसमंतात लपून जातील अशी त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात ते थेट सोमाटण्याच्या टेकडीवरून दिसले असते.

बस धरणाच्या उत्तरेला थांबली. काठावर तीसेक माणसं उभी होती. पुरुषांच्या टोप्या कडक, बायकांच्या अंगावर ठेवणीतल्या साड्या. सगळ्यांत पुढे महिपती येवले, गावातले जुने शेतकरी, पांढऱ्या धोतरावर काळं जाकीट. आणि शेजारी नथ घालून त्यांच्या मंडळी, नंदाबाई.

"शूटिंगवालं तुमीच व्हय?" महिपतींनी विचारलं.

"शूटिंग नाही हो आबा. आम्ही पक्षी बघायला आलोय."

"पक्षी मागनं बघू. पंचायतीत कागुद आलाय. हिरोइन कुटंय?" नंदाबाई बसच्या दारात डोकावल्या.

नेमक्या त्याच वेळी राजेश्वरीताई उपम्याचं पातेलं सांभाळत पायरीवर आल्या. नंदाबाईंनी त्यांना खालून वर आणि वरून खाली नीट न्याहाळलं. मग शेजारच्या बाईला म्हणाल्या, "आईचं काम आसंल." हे त्या हळू म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या मानानं हळू. पलीकडच्या काठावरच्या गुराख्यालाही ते ऐकू गेलं असावं. पुढचा अर्धा तास राजेश्वरीताई नवऱ्याशी बोलल्या नाहीत. पण पदर मात्र त्यांनी नीट केला.

ओव्हाळांनी सगळी हकीकत सांगितली. महिपतींनी शांतपणे ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "तुमी कुठलं म्हनायचं?"

"मूळचे इंदुरीचे. ओव्हाळ."

"इंदुरीचं? किल्ल्याच्या अंगाला? मग तुमी काय पावनं न्हाई. घरचंच की." ते गावकऱ्यांकडे वळले. "शूटिंग न्हाई रं! बदकं बघायचीत!"

सगळे परत जातील असं ओव्हाळांना वाटलं होतं. कोणी हललं नाही. ठेवणीतलं नेसून आल्यावर काहीतरी बघितल्याशिवाय घरी कोण जाणार? उलट उपम्याचा वास सुटला तसे सगळे जरा पुढेच सरकले.

ओव्हाळांनी दुर्बीण लावली. आणि होते! गाळाच्या जिभेवर, थेट उन्हात, सगळेच्या सगळे. ते वळून कुजबुजले, "बाजीराव, इकडे या. हळू."

बाजीरावांची पाठ पाण्याकडे होती आणि तोंड उपम्याकडे. "आलो, आलो. लिंबू आहे का?"

त्याच क्षणी शालनताईंनी दोन्ही हात आभाळाकडे नेले आणि त्यांचा क्लब एकमुखानं हसला. "हा हा हा! हो हो हो!" वडिवळ्याच्या पंचक्रोशीत असा हास्याचा स्फोट पूर्वी झालेला नसावा. चाळीस चक्रवाक एका झटक्यात उठले. नारिंगी अंगं, पांढरे शुभ्र पंख. आभाळात क्षणभर जणू कुणी शेवंतीची परडी उधळली. मग ते पाण्यावरून दूर, डोंगराच्या सावलीत दिसेनासे झाले.

बाजीराव वळले. "कुठे?"

ओव्हाळांकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण बायकामुलं हजर होती.

त्यांना तिथे उभं राहवेना. बाभळीच्या झुडपांपलीकडे दोनचार तरी मागे राहिले असतील, अशा आशेनं ते एकटेच गाळावर उतरले. वरून गाळ सुकून भेगाळलेला, चांगला फरशीसारखा. दहा पावलं गेले, वीस गेले. एकविसाव्या पावलाला फरशी संपली. खाली लोणी होतं.

उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला डावा रोवला, तर तोही गेला. मागे साठ माणसं होती. अशा प्रसंगी माणूस काय करतो? साधा माणूस ओरडतो. ओव्हाळांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. आपण इथे मुद्दाम, अभ्यासासाठी उभे आहोत, असा भाव त्यांनी पाठीवर आणला.

"काय दिसतंय?" काठावरून बाजीराव ओरडले.

"छान दिसतंय इथून!" ओव्हाळ म्हणाले, आणि आणखी चार बोटं खाली गेले.

पण महिपतींची हयात त्या काठावर गेली होती. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "आरं, सायेब रुतला!"

मग जो गलका उठला त्यात कोण काय म्हणालं ते सांगता येणार नाही. राजेश्वरीताई पातेलं टाकून धावल्या, बाजीराव "फायर ब्रिगेड! फायर ब्रिगेड!" म्हणत बसकडे पळाले. महिपतींनी हात वर केला.

"गप्प ऱ्हावा सगळी! सायेब, आयका. हालू नका. हाललं की खाली जातंय मानूस. बोलूबी नका. मी घरनं फळ्या आन् दोर घिऊन येतो." मग गर्दीकडे वळून, "आन् तुमी समदी हितं खाली बसा. कुनी आरडलं तर सायेब दचकनार, दचकला की आजून एक वीत जानार. नंदे, बघ गं यांच्याकडं."

नंदाबाईंनी बघितलं. त्या बघण्यात असं काही होतं, की शालनताईंचा क्लबसुद्धा हारीनं, तोंडावर हात ठेवून खाली बसला. बाजीराव पोपटी कुर्त्यासकट एका झुडपामागे बसले. राजेश्वरीताई सगळ्यांत पुढे, गाळाच्या अगदी कडेला बसल्या. ओव्हाळांनी मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांना पाहिलं. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. ओव्हाळांना वाटलं, सांगावं की काही नाही, मांडीच्या वर जात नाहीये. पण बोलायची बंदी होती. त्यांनी उजव्या हाताचा अंगठा तेवढा हळूच वर केला.

साठ माणसं गप्प बसलीत, असं दृश्य आपल्याकडे सहसा बघायला मिळत नाही. पहिली पाच मिनिटं कोणाचा तरी फोन वाजेल अशी धास्ती होती. नंतर वाऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला. मग पाणी काठाला लागल्याचा. एक धोबी पक्षी शेपटी वर-खाली करत ओव्हाळांच्या समोरून चालत गेला. त्यानं त्यांना खांब म्हणून मंजूर केलं असावं. पायांना गारवा चढत होता, डोक्यावर ऊन पडत होतं, आणि आश्चर्य म्हणजे ओव्हाळांना बरं वाटत होतं. आता काही करायचंच नव्हतं. परवानगी नाही, बस नाही, नाश्ता नाही.

तेव्हा तो आवाज आला. लांबून, नाकातून काढल्यासारखा, एकानं हाक मारावी आणि दुसऱ्यानं ओ द्यावी तसा.

आधी दोन आले. घिरटी घालून, पाय पुढे करून, ओव्हाळांपासून जेमतेम तीस पावलांवर उतरले. मग पाच. मग सगळा थवाच. पंखांचा वारा गाळावरच्या पाण्याला लागला. एकाच्या गळ्यातली काळी कंठी, चोचीवरचा थेंब, डोळ्यातली चमक, सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. दुर्बीण गळ्यात तशीच लोंबत राहिली. ती उचलायला हात हलवावा लागला असता. एक जोडी तर चरत चरत आणखी जवळ आली. नराने मान तिरकी करून या गाळातल्या माणसाकडे पाहिलं आणि त्यात काही विशेष नाही असं मादीला सांगितल्यासारखं करून पुन्हा खायला लागला.

काठावर पाठीमागून महिपती फळ्या आणि दोर घेऊन आले, त्यांनी समोर पाहिलं, आणि फळ्या आवाज न करता खाली ठेवून तेही मांडी घालून बसले. नंदाबाईंनी खुणेनं विचारलं, साहेबांना काढायचं नाही? महिपती अगदी हळू म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सायेब काय पळून जातोय व्हय."

पाऊण तासानं थवा आपला आपण चालत पलीकडच्या कोपऱ्याला गेला, तेव्हा फळ्या टाकून ओव्हाळांना ओढून काढण्यात आलं. ते सबंध आले, एक बूट मात्र आला नाही. राजेश्वरीताईंनी आधी त्यांचा हात घट्ट धरला, मग ते धड आहेत अशी खात्री झाल्यावर यथेच्छ रागावून घेतलं.

बाजीराव पुढे आले. त्यांचे डोळे ओले होते. त्यांनी ते झुडपातल्या धुळीवर ढकललं. "ओव्हाळ," ते म्हणाले, "हॉटेलातली ही नव्हेत. आणा तो फॉर्म." त्यांनी सही केली. मग शालनताई म्हणाल्या, मीही पाहिलेत, मी का नाही? त्यांच्यामागे क्लब आला, क्लबामागे गाव आलं. समोरची बाजू भरली, फॉर्म उलटला. नंदाबाईंनी सही काढायला चांगली दोन मिनिटं घेतली, पण नावातली एकही वेलांटी, एकही मात्रा सोडली नाही.

"संख्या काय लिहू?" बाजीरावांनी विचारलं.

आयुष्यातली पहिली अधिकृत मोजणी, समोर तीस पावलांवर पक्षी, पाऊण तासाचा वेळ. आणि ओव्हाळ मोजायचं साफ विसरले होते.

"एकोणचाळीस," राजेश्वरीताई म्हणाल्या. "तीनदा मोजले. तीस वर्षं पोरं सहलीला नेलीत मी. एका जागी न थांबणाऱ्यांना कसं मोजायचं ते मला कळतं."

फॉर्मचा फोटो अनघाला गेला आणि दोन मिनिटांत तिचा फोन आला. "काका, दुसऱ्या निरीक्षकाच्या जागी एकोणसाठ सह्या आहेत!"

"नियमच आहे ना," ओव्हाळ शांतपणे म्हणाले. फार दिवसांनी त्यांना इतकं बरं वाटलं.

मंडळी बसमध्ये चढायला लागली. ओव्हाळांचे मात्र पाय मांडीपर्यंत गाळाचे, म्हणून महिपती दोघा नवराबायकोंना आपल्या घरी घेऊन गेले. विहिरीवरच्या मोटारीच्या धारेखाली ओव्हाळ स्वच्छ झाले, महिपतींचं धोतर नेसले, आणि नंदाबाईंनी समोर वाफाळता इंद्रायणी भात आणि पावट्याची आमटी ठेवली. "बसवाले थांबलेत, आम्ही निघतो" असं ओव्हाळ दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायला तोंड मोकळं नव्हतं.

तिकडे बाजीरावांनी बसमध्ये डोकी मोजली. निघताना स्वतःला धरून एकोणतीस होती, आताही एकोणतीस भरली. कारखान्यातल्या शिस्तीनं त्यांनी पुन्हा एकदा मोजली, तरी एकोणतीस. बस सुटली. गावातला भिमाजी आणि त्याची बायको कामशेतला जायला शेवटच्या बाकावर येऊन बसलेत, हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

"ग्येली की बस," महिपती अंगणातून बघत म्हणाले. "काय न्हाई, पाच वाजता जीप हाये कामशेताला. तवर पडा हितं."

घरी असते तर ओव्हाळ यावर संतापले असते. सगळी सहल ज्यानं उभी केली त्यालाच विसरून जायचं? पण भात उत्तम झाला होता, आणि परक्या धोतरात माणसाला फार संतापता येत नाही.

ते पडले नाहीत. राजेश्वरीताईच म्हणाल्या, "चला जरा." दोघं पुन्हा काठावर आले, या खेपेला दगडांच्या कोरड्या बाजूला. ऊन डोक्यावर आलं होतं. माणूस असं कोणी नव्हतं. राजेश्वरीताईंनी हात पुढे केला आणि ओव्हाळांनी गळ्यातली दुर्बीण काढून त्यांना दिली. त्यांनी चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि एकदम स्थिर झाल्या.

"अहो, ते दोघं बघा. एकमेकांना सोडून जरा लांब गेले की लगेच हाका मारतात."

"आपल्या बेगडेवाडीच्या घरातही असंच असतं," ओव्हाळ म्हणाले. त्या हसल्या, पण आवाज न करता.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. बाजीराव होते. मागे बसची घरघर आणि शालनताईंचं हसणं.

"ओव्हाळ, अहो घोरावाडी गेली, घर आलं, तरी तुमचा आवाज नाही! पुढे बसलात का?"

समोरची जोडी पाण्यातून वर येऊन त्यांच्याकडेच चालत येत होती. फोन तोंडाशी धरून ओव्हाळ अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "हो. अगदी पुढे."